राजदूत ३५०चा एकच सिलिंडर का तापतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी राजदूत ३५० १९८६ सालची. गेली चौदा वर्षं ती माझ्याकडे आहे, आणि त्यातली जवळजवळ दोन वर्षं मी ‘डावीकडचा ब्लॉक जास्त का तापतो’ या एकाच प्रश्नात घालवली. गाडीवाले भेटले की हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवतो आहे. हे वर्कशॉप मॅन्युअल नाही. चुका करून शिकलेल्या माणसाचे हे अनुभव आहेत, तेव्हा काही ठिकाणी पाल्हाळ लागेल.

इंजिन एकच, मग दोन बाजूंचं तापमान वेगळं कसं?

इंजिन एक दिसतं, पण आहेत दोन. १९८३पासून एस्कॉर्ट्सने फरिदाबादहून बाजारात आणलेली ही गाडी म्हणजे यामाहाची आरडी ३५०. टू-स्ट्रोक, हवेवर थंड होणारी, ३४७ सीसी, बोअर ६४ आणि स्ट्रोक ५४ मिलिमीटर. प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा कार्बोरेटर, स्वतःचा रीड व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारी एकतर्फी झडप), स्वतःचा पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारा स्विच), कंडेन्सर, कॉइल आणि सायलेन्सर आहे. क्रँककेसमध्येसुद्धा, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीत, दोन्हींचे कप्पे वेगळे. सामाइक काय, तर क्रँक, बॅटरी, पेट्रोलची टाकी आणि ऑइल पंप. एका घरात दोन चुली मांडल्यासारखा संसार आहे हा.

याचा एक मोठा फायदा होतो. एकच बाजू तापत असेल तर सामाइक गोष्टींवरचा संशय बराच कमी होतो. पेट्रोल खराब असेल, बॅटरी उतरली असेल, तर दोन्ही सिलिंडर कुरकुरतील. बिघाड एकाच बाजूला आहे म्हटल्यावर चोर त्या-त्या बाजूच्या सामानातच शोधायचा.

किती फरक चालतो?

सलग दहा-बारा किलोमीटर चालवून मोजल्यावर दोन हेडांमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणांमध्ये, दहा-पंधरा अंश सेल्सियसचा फरक निघाला तर मी दुर्लक्ष करतो. पंचवीसच्या वर गेला आणि तीन वेगवेगळ्या दिवशी तीच बाजू गरम निघाली, तर पाने हातात घेतो. एकदाच मोजून काहीही ठरवू नका. गाडी उभी असताना एका अंगाने वारा लागला तरी तेवढा फरक पडतो.

मोजायचं कशानं? हात लावून कळत नाही का?

पाण्याचे थेंब टाकून ‘चर्र’ आवाज ऐकणारे मिस्त्री मी पाहिलेत. किक मारल्यावर एक सिलिंडर मेलेला आहे का, एवढं त्यातून कळतं. १५० आणि १८० अंशांमधला फरक कळत नाही.

हल्ली इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक हजार-दीड हजारात मिळते. पण तिच्यात एक गोम आहे, आणि त्यात भलेभले फसतात. ही बंदूक वस्तूतून बाहेर पडणारी उष्णतेची किरणं मोजते, आणि चकचकीत धातू ती फार कमी सोडतो. बफ केलेल्या ॲल्युमिनियमवर किंवा क्रोमच्या बेंड पाइपवर (ब्लॉकमधून सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीवर) बंदूक धरली तर खरं तापमान पुष्कळ जास्त असूनही आकडा कमी दिसतो. एक हेड बफ केलेलं आणि दुसरं मळकट असेल तर मळकं हेड ‘गरम’ ठरतं! माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी नेमक्या याच कारणाने चांगला कार्बोरेटर तीनदा उघडला होता.

उपाय सोपा आहे. दोन्ही हेडांवर, प्लगच्या मागच्या बाजूला, पंख्यांच्या (हवेने थंड होणाऱ्या पट्ट्यांच्या) मुळाशी, अगदी सारख्या जागी मॅट काळ्या हीटप्रूफ रंगाचा रुपयाएवढा ठिपका द्या. तसाच ठिपका दोन्ही बेंड पाइपांवर, ब्लॉकपासून चार बोटं अंतरावर द्या. कायम त्याच ठिपक्यांवर मोजा, आणि बंदूक कायम सारख्याच अंतरावरून धरा.

रस्ताही ठरलेला हवा. मी पुण्याजवळचा सासवड रस्ता धरतो. सकाळी लवकर, पाचव्या गिअरमध्ये साठच्या वेगाने, थ्रॉटल न हलवता. मग एकदम क्लच दाबून किल स्विच, गाडी कडेला, आणि मिनिटाच्या आत चारही ठिपके. वहीत चार आकडे लिहायचे. घरासमोर उभ्या गाडीचं आयडलिंगवर घेतलेलं माप कामाचं नसतं, कारण वाराच लागत नाही.

याहून चांगलं म्हणजे प्लगखाली वॉशरसारखा बसणारा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार), दोन्ही बाजूंना एकेक. चालत्या गाडीवर आकडा दिसतो. माझ्या गाडीवर साठ-सत्तरच्या वेगाला तो १६० ते १८०च्या दरम्यान असतो. २१० दिसला की मी थ्रॉटल सोडतो.

गरम सिलिंडर म्हणजे बिघडलेला सिलिंडर, बरोबर ना?

इथेच बहुतेकांचं चुकतं. माझंही चुकलं होतं.

दोन बैल गाडीला जुंपलेत, आणि एक बैल नुसता चालतोय, ओढत नाही. घाम कुणाला येईल? जो ओढतोय त्याला. इंजिनातही तसंच होतं. उजवा सिलिंडर कमजोर ठिणगीमुळे अधूनमधून मिस मारत असेल, तर तो थंड राहतो. तुम्हाला तर साठचा वेग हवाच असतो, म्हणून तुम्ही थ्रॉटल जरा जास्त पिळता. डावा दोघांचं काम करतो आणि तापतो. तुम्ही डाव्याचा कार्बोरेटर उघडून बसता, आणि आजारी उजवा मजेत बसलेला असतो.

म्हणून पहिला प्रश्न ‘कोण गरम आहे’ हा नाही, ‘कोण आजारी आहे’ हा आहे. त्याचं उत्तर हेड आणि बेंड पाइप या दोन्हींचे आकडे शेजारी ठेवले की बरंचसं मिळतं. हेडही गरम आणि पाइपही गरम असेल, तर त्या बाजूला मिश्रण लीन आहे, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, असा संशय घ्या. हेड फार गरम पण पाइप तेवढा नाही, तर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, पुढे गेलेलं (ठिणगी लवकर पडत) असू शकतं. हेड साधारण आणि पाइप मात्र लालबुंद व्हायच्या बेतात, तर टायमिंग मागे पडलं आहे आणि जळण्याचं काम सायलेन्सरपर्यंत लांबलं आहे. हेडही थंड, पाइपही थंड, तर ती बाजू काम करत नाहीये. अशा वेळी दुसऱ्या, गरम बाजूला हात लावू नका.

आणखी एक सोपी खूण. आयडलिंगवर एका बाजूची प्लग कॅप काढा. त्या कॅपमध्ये जादा प्लग खोचून तो इंजिनाला टेकवून ठेवा, नाहीतर कॉइलवर ताण येतो. इंजिन लगेच बसायला लागलं तर ती बाजू काम करत होती. काही फरकच पडला नाही, तर चोर सापडला.

तपासायला सुरुवात कुठून करू?

अदलाबदलीपासून. देवाने डावं-उजवं सारखं सामान दिलं आहे, त्याचा उपयोग करा. डावा प्लग उजवीकडे, उजवा डावीकडे. तोच रस्ता, तेच माप. गरमपणा प्लगबरोबर पलीकडे गेला तर प्लग दोषी. जागचा हलला नाही, तर प्लग निर्दोष. मग प्लग कॅप, मग कॉइल, मग कार्बोरेटरमधलं मेन जेट (पेट्रोलचं भोक) आणि नीडल, मग सायलेन्सरची जाळी.

एका वेळी एकच वस्तू बदलायची. रविवारी सकाळी उत्साहात प्लग, कॉइल आणि जेट एकदम फिरवले, गाडी सुधारली, आणि कशामुळे सुधारली ते आजतागायत कळलं नाही, असा माणूस मी आरशात पाहिलेला आहे.

अख्खा कार्बोरेटर मात्र इकडचा तिकडे करायला जाऊ नका. दोन्ही कार्बोरेटर डावे-उजवे घडवलेले आहेत, स्क्रू आणि स्लायडरची (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणाऱ्या झडपेची) खाच उलट्या बाजूंना येतात. आतलं सामान बदला. आणि बदलण्याआधी वाचा: जेटवरचा नंबर, नीडलची क्लिप कितव्या खाचेत आहे ते, प्लगवरचा नंबर. माझ्या गाडीत घेतली तेव्हा एका बाजूला बी८एचएस आणि दुसऱ्या बाजूला त्याहून गरम नंबरचा प्लग होता. त्याआधी किती हात लागून गेलेत कुणास ठाऊक.

सगळं बदलून पाहिलं, गरमपणा त्याच बाजूला राहिला. आता?

मग दोष न हलणाऱ्या भागांत आहे: ब्लॉक, पिस्टन, रीड व्हॉल्व्ह, मॅनिफोल्डचं (कार्बोरेटर आणि ब्लॉक जोडणारं) रबर, पॉइंट किंवा क्रँकचं सील. यातलं रबर आणि रीड आधी बघा, कारण स्वस्त आणि हाताशी आहेत. चालू इंजिनावर मॅनिफोल्डच्या रबराभोवती कार्बोरेटर क्लीनरचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला की तिथून हवा ओढली जाते आहे. गरम सायलेन्सरपासून फवारा लांब ठेवा, हे सांगायला नको. कार्बोरेटरवर दोन्ही बाजूंना जोडणारी चोकची रबरी नळी असेल तर तीही वाकवून बघा. बारीक चीर वाकवल्याशिवाय दिसत नाही.

दोन्ही कार्बोरेटर सारखे उघडतात की नाही, घरी कसं बघायचं?

एअर फिल्टर काढा. ३ मिलिमीटरचे दोन सारखे ड्रिल बिट घ्या, लांब असलेले, आणि मागच्या टोकाला इन्सुलेशन टेपची शेपटी लावा, म्हणजे आत पडायची भीती नाही. दोन्ही स्लायडरच्या खाली मागून एकेक बिट सरकवून ठेवा. स्लायडरच्या वजनाने ते धरले जातात. आता इंजिन बंद असताना थ्रॉटल मुंगीच्या पावलाने पिळा. दोन्ही बिट एकाच क्षणी खाली पडले पाहिजेत. एक आधी पडला तर त्या बाजूची केबल घट्ट आहे, ती बाजू लवकर उघडते. केबलचा नट फिरवा, पुन्हा बघा.

हे जुळल्यावरच आयडल स्क्रू आणि हवेचा स्क्रू. अनेकजण उलटं करतात.

फ्लोटची, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची, उंचीही दोन्हीकडे मोजा. एका बाजूला फ्लोट खाली असेल तर सपाटीवर कळत नाही, पण दिवे घाटासारख्या लांब चढावर पूर्ण थ्रॉटलला तीच बाजू उपाशी राहते.

गाडी चार-सहा आठवडे उभी होती. बाहेर काढली तर डावी बाजू गरम आणि अडखळणारी. का?

साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते. पेट्रोलमधलं पाणी आणि टाकीतला गंज उताराने तिकडे जातो, आणि डाव्या कार्बोरेटरच्या वाटीत बसतो. वाटी काढून काचेच्या बाटलीत ओता. तळाशी वेगळा थेंब डोलताना दिसेल. पावसाळ्यात तर हमखास.

टायमिंग एका बाजूचं बरोबर आणि दुसऱ्याचं चुकीचं, असं होतं का?

होतंच, कारण पॉइंट दोन आहेत. क्रँकच्या डाव्या टोकाला एकच कॅम फिरतो आणि त्याच्याभोवती दोन पॉइंट बसतात. पॉइंटची टाच, म्हणजे कॅमवर घासणारा तो फायबरचा भाग, झिजली की गॅप कमी होतो आणि त्या बाजूचं टायमिंग मागे पडतं. कॅमला तेल देणारं फेल्ट वाळलं असेल तर झीज जोरात होते. दोन पॉइंट वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर एक झिजतो, दुसरा नाही.

आधी फिलर गेजने दोन्ही गॅप ०.३५ मिलिमीटर करा. त्यानंतरच टायमिंग. प्लगच्या भोकात डायल गेज बसवून पिस्टन वरच्या टोकाला आणायचा, शून्य करायचं, मग क्रँक उलटा फिरवून पुन्हा पुढे आणायचा, आणि टोकाच्या २ मिलिमीटर आधी पॉइंट उघडायला हवा. मल्टिमीटर लावला की उघडण्याचा क्षण नेमका कळतो. या क्रँकवर २ मिलिमीटर म्हणजे साधारण वीस अंश, आणि ०.२ मिलिमीटरची चूक म्हणजे जवळपास एक अंश. अंदाजपंचे दाहोदरसे करायची ही जागा नाही. एका पॉइंटसाठी पूर्ण प्लेट सरकते, दुसऱ्यासाठी त्यावरची छोटी प्लेट, त्यामुळे क्रम चुकला की पहिलं लावलेलं दुसरं लावताना हलतं. शेवटी दोन्ही पुन्हा तपासा.

दोन्ही बाजू दर वेळी वेगवेगळा आकडा दाखवत असतील, तर पॉइंटला दोष देऊ नका. क्रँकचं डावं टोक हाताने वर-खाली हलवून बघा. बेअरिंग गेलं असेल तर कॅमच नाचतो.

पॉइंट एकाच बाजूचा काळा-निळा जळलेला, खड्डे पडलेला दिसला तर कंडेन्सर बदला. कितीही पॉलिश केलं तरी आठवड्यात तेच होईल.

पॉइंट काढून सीडीआय (पॉइंटविना ठिणगी देणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन) बसवलं तर हा त्रास मिटेल का?

पॉइंटमुळे होणारा फरक मिटेल. बाकीच्या कारणांमुळे होणारा मिटणार नाही. आधी रोग शोधा, मग सीडीआयवर खर्च करा.

ऑइल सीलचं लोक फार बोलतात. नक्की काय भानगड आहे?

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो. त्याला कुठेही भोक पडलं की इंजिन कार्बोरेटरला वळसा घालून तिथून हवा ओढतं. राजदूत ३५०मध्ये क्रँकच्या दोन टोकांना दोन सीलं आहेत, आणि दोघांचे आजार अगदी वेगळे दिसतात.

डावं सील कोरड्या बाजूला, मॅग्नेटच्या मागे. ते गेलं की डावा सिलिंडर कोरडी हवा ओढतो, मिश्रण लीन होतं, डावा तापतो. रेस सोडल्यावर इंजिनाचा आवाज लगेच खाली न येता रेंगाळतो, ही खूण कानात ठेवा. उजवं सील ओल्या बाजूला, क्लचच्या आत. ते गेलं की उजवा सिलिंडर गिअर ऑइल ओढतो, प्लग ओला-काळा होतो, पांढरा धूर येतो, गिअरबॉक्समधलं ऑइल गळती न दिसता कमी होतं. आणि उजवा नीट जळत नसल्यामुळे पुन्हा डावाच गरम दिसतो! एकच लक्षण, पण एकदा रोग डावीकडे आणि एकदा उजवीकडे. म्हणून वरचं पाइपांचं माप महत्त्वाचं.

मधे, दोन कप्प्यांच्या भिंतीत, रबरी सील नाही. धातूचं, खाचा असलेलं लॅबिरिंथ आहे. ते थोडं थोडं पाझरतंच.

सील गेलं आहे हे इंजिन न उघडता कसं ठरवायचं?

दाब देऊन. यासाठी महागडं उपकरण लागत नाही, बीपी मोजायचं यंत्र लागतं. घड्याळवालं. पट्टा काढायचा, फुगा आणि घड्याळ ठेवायचं.

माझी हकिगत सांगतो. डावा हेड उजव्यापेक्षा पस्तीस अंश गरम होता. एका मिस्त्रीने डावीकडे मोठं मेन जेट घातलं, गरमपणा थोडा उतरला, सगळे खूश. मी तशीच गाडी घेऊन ताम्हिणीतून माणगावकडे उतरलो. घाट संपल्यावर सपाटीला सत्तरचा वेग धरला आणि दहा मिनिटांत मागचं चाक एकदम अडकलं. हात क्लचवर होता म्हणून बचावलो. डावा पिस्टन पकडला होता, म्हणजे तापून फुगून सिलिंडरमध्ये घट्ट अडकला होता.

नवा पिस्टन बसवल्यावर मात्र मी जेटला हात लावला नाही. रात्री गाडी पॅसेजमध्ये घेतली, वडिलांचं बीपीचं यंत्र मागून आणलं. सायलेन्सर काढून दोन्ही एक्झॉस्ट तोंडांवर सायकलच्या ट्यूबचं रबर आणि त्यावर पत्र्याची पट्टी बोल्टने आवळली. दोन्ही मॅनिफोल्डांत रबरी बुचं, त्यातल्या एकेका बुचाला नळी, आणि नळ्या टी आकाराच्या एका जोडातून फुग्याला जोडल्या. मधलं लॅबिरिंथ पाझरतं म्हणून दोन्ही बाजू एकदमच बंद करून दाब द्यावा लागतो. ऑइलच्या नळ्यांची तोंडंही बंद केली. फुगा दाबत ३०० पर्यंत नेला. हे मिलिमीटर पारा, म्हणजे साधारण ०.४ बार. यापुढे जाऊ नका, चांगलं सीलही उलटं व्हायचं.

काटा थांबला पाहिजे. तो घसरायला लागला. पहिल्याच मिनिटात २२०. साबणाचं पाणी मॅनिफोल्डवर लावलं, ब्लॉकच्या पॅकिंगवर लावलं, हेडवर लावलं. कुठे काही नाही. डावीकडचं कव्हर, पॉइंटची प्लेट आणि मॅग्नेट काढून क्रँकच्या भोवती साबण सोडला तर सीलच्या वरच्या कडेला, घड्याळात अकरा वाजतात त्या जागी, बारीक फेस उमलत होता. बाळाच्या तोंडाला येतो तसा. दोन वर्षं, एक पिस्टन आणि चार जेटं यांचा हिशेब त्या फेसात होता. वडील मागे उभे राहून म्हणाले, “याचं बीपी लो आहे.”

चांगल्या इंजिनात सहा मिनिटांत काटा जेमतेम हलतो. मिनिटाला पन्नासच्या वर उतरत असेल तर गळती शोधल्याशिवाय गाडी चालवू नका. उजवं सील आत असल्याने साबणाने दिसत नाही. दाब देताना गिअर ऑइलचं झाकण उघडून कान लावा, बुडबुड ऐकू येते.

सील बदलायचं तर इंजिन उतरवून केस उघडा. बाहेरून उपसून ठोकून बसवणारे आहेत, मी त्यांच्या वाटेला जात नाही.

मिस्त्री म्हणतो गरम बाजूला एक नंबर मोठं जेट घाला.

वरची गोष्ट वाचलीत ना? दोन्ही बाजूंना वेगवेगळी जेटं असलेली राजदूत म्हणजे कुणीतरी दुखणं झाकून ठेवलेली गाडी.

ऑइल पंपामुळे एकच बाजू तापू शकते का?

पंप सामाइक असला तरी त्यातून दोन नळ्या निघतात, एकेका सिलिंडरकडे. एका नळीत हवा शिरली किंवा तिच्या टोकाचा व्हॉल्व्ह चिकटला की त्या बाजूचा पिस्टन कोरडा. हे प्रकरण धोक्याचं, कारण तापमान वाढलेलं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

तपासताना टाकीत लिटरमागे ३० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल आधीच मिसळून घ्या, म्हणजे चाचणीत पिस्टन जाणार नाही. मग आयडलिंगवर पंपाची पुली हाताने पूर्ण उघडून धरा आणि दोन्ही पारदर्शक नळ्यांकडे बघा. बुडबुडा सरकत बाहेर गेला पाहिजे. जागच्या जागी मागे-पुढे नाचणारा बुडबुडा म्हणजे ऑइल पुढे जातच नाही. पुलीची खूणही जुळवा.

अनेकांनी पंप काढून टाकलेत आणि पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात. हरकत नाही. पण ‘जरा जास्त घालू, बरं असतं’ म्हणून ५०-६० मिली घालू नका. ऑइलने जेवढी जागा घेतली तेवढं पेट्रोल जेटमधून कमी जातं, मिश्रण लीन होतं. हे दोन्ही बाजूंना होतं, पण आधीच काठावर असलेली बाजू पहिली बोलते.

ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे एक सिलिंडर तापतो का?

एक नाही, दोन्ही. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो. साध्या पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, ई२०ला सुमारे १३.५ पट. म्हणजे १९८०च्या दशकातल्या जेटांवर ई२० आपोआप लीन चालतं. ज्या बाजूला सील किंवा रबर थोडंसं गळत होतं आणि जुन्या पेट्रोलवर निभावून जात होतं, ती बाजू आता उघडी पडते. लोक पेट्रोलला शिव्या देतात, पण ते फक्त चुगली करतं. आधी दोन्ही बाजू सारख्या करा, मग दोन्हीकडे सारखंच जेट वाढवा.

जुन्या रबराला मात्र इथेनॉल सोसत नाही. पेट्रोलचे पाइप आणि फ्लोट नीडल बदलून घ्या.

पुण्यात गाडी ठीक असते, कोकणात गेलं की तापते. असं का?

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. इथल्या विरळ हवेवर जुळवलेली गाडी खाली उतरली की घट्ट हवा मिळते आणि मिश्रण लीन होतं. महाबळेश्वरला गेलं तर उलट, रिच होतं आणि गाडी जड वाटते. माझा पिस्टन माणगावच्या सपाटीवर गेला, घाटात नाही, यामागे हेही होतंच.

आणि उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद करून इंजिन ब्रेकवर गाडी सोडू नका, विशेषतः ऑइल पेट्रोलमध्ये मिसळत असाल तर. पेट्रोल बंद म्हणजे ऑइल बंद, आणि पिस्टन तर जोरात वर-खाली होतोय. अधूनमधून रेसचा झटका द्या किंवा क्लच दाबा.

एकाच बाजूला बोअर करून नवा पिस्टन टाकला. आता ती बाजू गरम आहे.

पहिले काही शे किलोमीटर असणारच. घर्षण जास्त असतं. दर शंभर किलोमीटरला फरक कमी होत गेला पाहिजे. नाही झाला तर लेथवाल्याने क्लिअरन्स (पिस्टन आणि ब्लॉकमधली फट) कमी ठेवलाय का ते बघा. शक्य असेल तर दोन्ही ब्लॉक एकाच मापाला बोअर करा. आणि पेठेतून जुना ब्लॉक आणत असाल तर पोर्टची (ब्लॉकच्या भिंतीतल्या खिडक्यांची) उंची-रुंदी दोन्हीकडे कॅलिपरने मोजा. ही गाडी एचटी (हाय टॉर्क) आणि एलटी (लो टॉर्क) अशा दोन अवतारांत आली, एक ३०.५ बीएचपीची, दुसरी २७ची. सामानाची सरमिसळ झालेल्या गाड्या मी पाहिल्यात. एकच हेड लेथवर उतरवलेलं असेल तर तीही गत. कॉम्प्रेशन गेजने दोन्हीकडे मोजा, दहा टक्क्यांच्या आत फरक हवा.

पकडलेला पिस्टन बघून कारण कळतं का?

बरंच कळतं, म्हणून तो भंगारात टाकायच्या आधी नीट बघा. ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर लीन मिश्रण किंवा ऑइलची कमतरता. चार कोपऱ्यांवर उभे पट्टे असतील तर क्लिअरन्स कमी, किंवा गार इंजिन पिळून पळवलं. डोक्याला भोक पडलेलं किंवा कडा वाळूने घासल्यासारखी खडबडीत असेल तर टायमिंग पुढे. दुसऱ्या बाजूचाही पिस्टन काढून शेजारी ठेवा. तो साक्षीदार आहे.

सायलेन्सर, लेग गार्ड वगैरेचा काही संबंध?

आहे. एकाच सायलेन्सरच्या जाळीत कार्बन बसला तर ती बाजू कोंडते. अदलाबदलीत हे लगेच कळतं. एका बाजूच्या पंख्यांसमोर मोठा हॉर्न किंवा फॉग लाइट बसवलेला असेल तर काढून बघा. पावसाळ्यातल्या लाल चिखलाने पंख्यांच्या फटी बुजतात, तो दात घासायच्या जुन्या ब्रशने काढा.

माझी गाडी जुनी ब्रिटिश फोर-स्ट्रोक ट्विन आहे. हे सगळं लागू होतं का?

मोजण्याची आणि अदलाबदलीची रीत लागू होते, क्रँककेसच्या सीलचं प्रकरण नाही. तिथे व्हॉल्व्हचा गॅप, व्हॉल्व्ह सीट आणि इनटेकचं पॅकिंग आधी बघा. १९६३नंतरच्या ट्रायम्फच्या ६५० सीसी ट्विनमध्येही दोन पॉइंट आहेत, त्यामुळे टायमिंगची वरची सगळी कटकट तिथेही आहे. कार्बोरेटर एकच असेल तर जेट बदलून एका बाजूचा ताप जाणार नाही, हे उघड आहे.

दुरुस्तीसाठी वेळ मिळेपर्यंत गाडी चालवू का?

फरक पंधरा-वीसचा असेल तर गावात हळू चालवा, क्लचवर दोन बोटं ठेवून. पंचवीसच्या वर असेल, किंवा रेस सोडल्यावर आवाज रेंगाळत असेल, तर किक मारू नका.

सील बदलल्यावर तुमच्या गाडीचे आकडे काय आले?

गेल्या रविवारी सासवड रस्त्यावर डावं हेड १४१, उजवं १४९. आता उजवं आठ अंशांनी जास्त आहे. तसंच राहू दिलंय.